बोडका टोपीवाला

परभणीत त्या काळी बोडक्या डोक्यानं दोनच माणसं फिरायची. एक ज्याच्या घरात कुणी गेलंय तो, आणि दुसरा आमचा टोपीवाला मामा. सुतकातला माणूस तेराव्यानंतर डोकं झाकायचा. मामानं कधी झाकलं नाही. जिल्ह्यातल्या बड्या बड्या लोकांच्या डोक्यावर ह्याच्या हातची टोपी आणि हा स्वतः भर बाजारातून उघड्या टकलानं चाललाय म्हटल्यावर लोक बोलणारच. मीही बोलले. पहिल्याच दिवशी बोलले, माझं तोंडच तसलं.

आमचे हे कचेरीत कारकून होते. मामाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. टोपीला आतून अस्तर लागतं, अस्तराला बारीक टाका लागतो आणि माझा टाका बारीक होता, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. पहिलं अस्तर द्यायला गेले तेव्हा विचारलं, मामा, सगळ्या जिल्ह्याची डोकी झाकता, मग तुमच्याच डोक्यानं काय घोडं मारलंय?

त्याला राग आला नाही. उलट कुणी विचारायचीच वाट बघत असल्यासारखा तो खुलला. मामा मूळचा वालूरचा, शिंप्याच्या घरचा. मिसरूड फुटायच्या आत हैदराबादला गेला आणि एका उस्तादाच्या कारखान्यात टोप्या शिकला. त्या कारखान्यात एक रिवाज होता. ज्याच्या हातून टोपी बिघडली त्यानं ती स्वतः घालायची, पार फाटेपर्यंत. गिऱ्हाइकाला द्यायची नाही, उसवायची नाही, लपवायची नाही. पंधरा-वीस कारागीर आपापली चूक डोक्यावर घेऊन कामाला बसायचे. कुणाची एकीकडं कललेली, कुणाची कपाळावर उतरलेली. बोडका फक्त उस्ताद.

"माजी शेवटची बिघडलेली तिथंच फाटली, माय," मामा म्हणाला. "परभणीला आल्यापासून एक बी बिघडली न्हाई. मग मी काय घालू?"

म्हणजे ज्याला लोक अपशकून म्हणायचे ते ह्याचं भूषण होतं. माणूस बोडका फिरत होता आणि आत फुशारकी अशी की विचारू नका.

मामाला माणसाचा चेहरा लक्षात राहायचा नाही. नाव तर त्याहून नाही. त्याला डोकी ओळखू यायची. आमचे हे समोरून आले तरी हा बघत राहायचा, आणि ते वाकून चप्पल काढायला लागले की म्हणायचा, अरे, तुमी व्हय. माप घ्यायला त्याच्याकडं फीत नव्हती. काळ्या दोऱ्याला गाठी मारायचा. एक गाठ कपाळाची, एक कानाच्या वरची, एक मागची. तो दोरा मग खिळ्याला टांगायचा. भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला दोरे. त्यावर नाव नाही, चिठ्ठी नाही. डोळे मिटून हात फिरवला की हा सांगायचा, हे सोनपेठचे सावकार, हे कचेरीतले पेशकार, हे गेले मागच्या साली, बिचारे लय चांगलं डोकं होतं.

हजामत केल्या दिवशी तो माप घ्यायचा नाही. भांडून आलेल्याचं तर नाहीच. रागात डोकं फुगतं, उद्या या, म्हणून एका फौजदाराला त्यानं पायरीवरून परत लावून दिलं होतं. आणि तो फौजदार दुसऱ्या दिवशी निमूट आला की हो! मला ह्याचंच नवल वाटायचं. ज्यांच्यापुढं गाव चळाचळा कापायचं ती माणसं मामापुढं मान खाली घालून बसायची, आणि हा त्यांच्या टाळक्यावर बोटं फिरवत इकडून तिकडं येरझाऱ्या घालायचा. बसून काम करताना मी त्याला फार थोडा वेळ पाहिलं.

सरकारी माणसाला कचेरीत रूमी टोपी लागायची. लाल, उंच, वर काळा गोंडा. ती चार-आठ दिवसांनी गरम पितळी साच्यावर दाबून घ्यावी लागे, नाहीतर बसकी व्हायची. साचा तापेपर्यंत साहेबांना बोडकं बसावं लागे आणि बोडकं दिसणं म्हणजे नामुष्की. म्हणून मामानं दुकानात एक हिरवा पडदा टांगला होता. पडद्यामागं एका बाकावर तहसीलदार, वकील, जागीरदाराचा जावई असे सगळे ओळीनं बोडके बसलेले असायचे. मी मधल्या दाराच्या फटीतून बघायची. टोप्या काढल्यावर त्यांच्यातला मोठा कोण न् धाकटा कोण काही कळायचं नाही.

वर्षातून दोनदा मामा हैदराबादला जायचा. तिथं एका चौकात दिवसभर उभा राहून येणारी-जाणारी डोकी बघायचा आणि परत येऊन फर्मान काढायचा, यंदा उंची अर्ध्या बोटानं उतरली. की पुढच्या महिन्यात अख्ख्या परभणीची उंची अर्ध्या बोटानं उतरायची. पालमच्या एका देशमुखांना दरबारासाठी बांधीव पगडी हवी होती आणि ती लांबून दिसली पाहिजे म्हणून परातीएवढी हवी होती. मामानं सरळ सांगितलं, "देशमुख, पगडी दिसंल. तुमी दिसणार न्हाईत." देशमुख तणतणत गेले, बीडहून करवून आणली, आणि दरबारात म्हणे खाली वाकले तशी ती पुढं घरंगळली. त्यानंतर ते मामाशिवाय कुणाकडं गेले नाहीत.

डोक्यावर बसली की माणूस तिला विसरतो ती टोपी, असं तो म्हणायचा. दिवसातून दहादा म्हणायचा. मला तर पाठ झालं होतं.

त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांत एक मुन्सफसाहेब. न्यायाधीश. सडपातळ, हळू बोलणारे, दर गुरुवारी टोपी दाबायला येणार म्हणजे येणार. मामा सांगायचा की जिल्ह्यात ह्यांच्याइतकं अवघड डोकं नाही. लहानपणी झाडावरून पडल्यामुळं डाव्या बाजूला खोक होती, अंगठा बसेल एवढी. साधी टोपी त्या डोक्यावर ठरायचीच नाही, कानावर यायची. मामानं आतून कापडाच्या पट्ट्या देऊन अशी जुळवली होती की साहेब चालले तर काठीसारखे ताठ. ती खोक साहेबांच्या घरच्यांना आणि मामाला सोडून कुणाला ठाऊक नव्हती. अस्तरामुळं मला झाली.

मला ते मुन्सफ आवडायचे नाहीत. सांगून टाकते. त्याला कारण होतं.

शेवटचं ते वर्ष-सव्वा वर्ष कुणालाच स्वस्थता नव्हती. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि आम्ही अजून निजामाच्या राज्यात. खाकी कपडे घालून, भाले-लाठ्या घेऊन निजामाच्या बाजूच्या पोरांच्या टोळ्या फिरायच्या, कुणाचं दार कधी वाजेल नेम नाही. माझा धाकटा भाऊ सोनपेठला असायचा. त्याच्या खिशात पांढरी खादीची टोपी सापडली एवढ्यावरून त्याला बाजारात झोडपला. उजव्या कानाचं ऐकणं गेलं ते गेलंच. वडिलांनी फिर्याद केली ती ह्या मुन्सफांपुढं आली. त्यांनी तारीख दिली. मग आणखी एक दिली. मग आणखी एक. आणि दर गुरुवारी मी त्यांच्याच टोपीच्या अस्तराला टाके घालत होते. सुई त्यांच्या टाळूत जावी असं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू!

त्या दिवसांत लोक दोन टोप्या बाळगायला लागले. एक डोक्यावर, एक खिशात. ह्या मोहल्ल्यात ही, त्या पेठेत ती. मामाला ह्याचा जेवढा संताप यायचा तेवढा भाल्या-लाठ्यांचा येत नव्हता. गाडीची शिट्टी झाली की दुकान उघडं टाकून हा स्टेशनवर जायचा, उतरणाऱ्यांची डोकी बघायचा आणि फणफणत परत यायचा. काही पोरं गुपचूप येऊन त्याच्याकडं पांढऱ्या टोप्या मागायला लागली. त्यानं नाही म्हणून सांगितलं. भीतीनं नव्हे. "घडी घालता येती ती टोपी न्हाई, रुमाल हाय. रुमाल तुमच्या घरी शिवा." पोरं म्हणाली, हा निजामाचा चमचा. तिकडं खाकीवाल्यांनी ऐकलं की ह्याच्याकडं पांढरी टोपी मागणारे येतात, त्यांनी येऊन दोन साचे रस्त्यात फेकले. दोन्हीकडून शिव्या खाणारा परभणीत हा एकटाच असेल.

मग ऐन गणपतीत हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि चार-पाच दिवसांत सगळा खेळ आटोपला. सकाळी उठून बघते तर बाजारात एक लाल टोपी नाही. गटारीत टोप्या, विहिरीत टोप्या, उकिरड्यावर टोप्या. काल परवापर्यंत पडद्यामागं बसणारे वकीलसाहेब पांढरी टोपी घालून पेढे वाटत होते. आम्ही आनंदात होतो. मीही पेढा खाल्ला, खरं सांगते, माझ्या भावाची आठवण काढून खाल्ला. मामा दुकानात भिंतीवरच्या दोऱ्यांवर हात फिरवत होता. मी पेढा दिला तर घेतला आणि हातातच धरून ठेवला.

आनंदाला लगेच आंबूस वास यायला लागला. कालपर्यंत मार खाणारे आता मार द्यायला निघाले. कुणी केलं, कुणाला भोगावं लागलं, ह्याचा मेळ कुणी घालत नव्हतं. स्टेशनच्या फाटकाशी आमच्याच गल्लीतली पोरं काठ्या घेऊन उभी असायची. लाल टोपीवाला पांढरी घालून पळतोय असा संशय आला की धरायची. दोघा-तिघांना धरलं. त्यांचं पुढं काय झालं ते मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही.

पितृपंधरवड्यात एक दिवस, सकाळचा स्वयंपाक उरकतेय तोच मागच्या बोळातून कुणीतरी दारात आलं. डोक्याला पंचा गुंडाळलेला, दाढी वाढलेली. मुन्सफसाहेब. बायको-मुलं आधीच हैदराबादला गेलेली, हे मागं राहिले होते आणि आता घराबाहेर पडायची सोय नव्हती. दुपारची गाडी गाठायची होती. मी मधल्या दारातून मामाला हाक मारली. बाजारातून आणवलेली पांढरी टोपी त्यांच्या हातात होती. त्यांनी घालून दाखवली. ती खोकेवरून घसरली आणि कानावर आली. पुन्हा बसवली, पुन्हा आली. फाटकापाशी चार वेळा हात डोक्याकडं गेला की पोरं काय ते समजणार. साहेबांनी मामाकडं बघितलं.

मामानं त्यांना दुकानात घेतलं. खिळ्यावरचा दोरा काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पांढरं खादीचं कापड कातरीखाली घेतलं, आणि मला म्हणाला, अस्तर लागंल, माय.

मी दारात तशीच उभी राहिले. माझ्या मनात काय काय आलं सांगू? आलं की बरं झालं. आलं की देऊ दे आता ह्यांनाही कुणी तारखेवर तारीख. पण मामानं कापड पुढं केलं आणि हात सवयीनं कामाला लागले. मी दाराच्या अलीकडं बसून टाके घालत होते, साहेब पलीकडं भिंतीला टेकून होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बेटी, तुम्हारे भाई का कान अब कैसा है?"

त्यांना ठाऊक होतं. दर गुरुवारी ठाऊक होतं. मी पुढचा टाका घातला.

"मैं डर गया था," ते म्हणाले. एवढंच.

टोपी झाली. मामानं ती साच्यावर बसवली, वाफ दिली, कडेची धार काढली आणि दोन्ही हातांनी साहेबांच्या डोक्यावर ठेवली. मग दोन पावलं मागं सरकून बघितलं. असा खूश झाला बाबा, की बाहेर काय चाललंय ह्याचा त्याला विसरच पडला. आणि साहेब? टोपी बसली तशी त्यांची पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली. समोर मुन्सफसाहेब उभे होते, कचेरीत खुर्चीवर असायचे तसेच. टोपी पांढरी होती एवढंच.

मी दारातून बघितलं. अशी पांढरी टोपी परभणीत कुणाच्याच डोक्यावर नव्हती. सगळ्यांच्या चुरगाळलेल्या, सैल, खिशातून काढून घातलेल्या. ही तर दरबाराला निघालेली. फाटकावरची पोरं दहा हातांवरून ओळखणार, ही मामाच्या हातची, म्हणजे खाली कुणीतरी बडं डोकं आहे. मामाला हे दिसत नव्हतं. त्याला फक्त टोपी दिसत होती. साहेबांनाही दिसत नव्हतं, कारण ते तिला विसरले होते.

मी गप्प बसले असते तरी कुणी मला बोल लावला नसता. तेवढा एक क्षण मी गप्प बसलेही. भावाचा कान, फिर्याद, तारखा, सगळं डोळ्यांपुढं आलं. मग म्हणाले, "मामा, ही टोपी लय चांगली झाली. साहेब मरतील हिच्यापायी."

मामा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं साहेबांकडं बघितलं, पायापासून टोपीपर्यंत. त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मला दिसला. मी म्हटलं, द्या इकडं, मी चुरगाळते. तर म्हणाला, "न्हाई. माज्या हातची हाय."

त्यानं टोपी उतरवली आणि बादलीत बुडवली. पिळली. जमिनीवर टाकून पायानं रगडली. चुलीतली राख घेऊन चोळली. मग दातात धरून अस्तराचा एका बाजूचा टाका उसवला आणि आतली जुळवणीची पट्टी ओढून काढली, सगळी नाही, थोडी ठेवली, म्हणजे टोपी कलेल पण पडणार नाही. ते करतानाही माप चुकलं नाही त्याचं! डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हात नेमानं चालले होते. ओली टोपी त्यानं साहेबांच्या डोक्यावर दाबली. ती एका कानावर कलली, कपाळावर सुरकुती घेऊन बसली. आणि साहेबांचे खांदे आपोआप उतरले, मान वाकली. आता ते पालमहून बाजाराला आलेले कुणीही होते.

"साहेब," मामा म्हणाला, "पोचलात की टोपी परत धाडा. ती माजी हाय."

मामा साहेबांना पोचवायला निघाला. नुसते दोन पुरुष दिसले की संशय येतो, बाई बरोबर असली की घरचं वाटतं, म्हणून मी डोक्यावर पदर घेतला, हातात गाठोडं घेतलं आणि निघाले. आमच्या ह्यांना विचारलंही नाही. उन्हात स्टेशनपर्यंत चाललो. फाटकावर पाच-सहा पोरं होती. त्यातला एक पुढं आला, मामाला ओळखत होता. पाव्हणे कोण, म्हणाला. माझे सासरे, मी म्हटलं, ऐकू येत नाही त्यांना. माझ्या तोंडून नेमकं तेच कसं निघालं देव जाणे.

पोरगा साहेबांच्या भोवती फिरला. टोपीकडं बघून हसायला लागला. म्हणाला, मामा, तुमच्यासंगं चाललेल्या माणसाच्या डोक्यावर असलं ध्यान? कुणी केली ही?

तिथं तो काहीही सांगू शकला असता. बाजारातली म्हणाला असता तरी चाललं असतं. पण मग पोरानं विचारलं असतं, तुम्ही असताना बाजारातली कामून? मला ते तेव्हा सुचलं नाही, त्याला सुचलं. बोडकं डोकं खाली घालून तो म्हणाला, "मीच केली. बिघडली."

पोरं खदाखदा हसली. मामाची टोपी बिघडली, म्हातारा झाला मामा, आता रुमालच शिवा. हसता हसता त्यांनी फाटक सोडलं. साहेब गाडीत चढले, मागं वळून बघितलं नाही, वळायचं नव्हतंच. गाडी हलली तेव्हा मी हातातलं गाठोडं केवढ्या जोरानं धरलं होतं ते मला कळलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मामाच्या हातची टोपी बिघडली. ज्या बोडकेपणाची त्याला एवढी मिजास होती, तोच आता त्याला खुपायला लागला. बिघडलेली टोपी केली आणि डोक्यावर नाही, रिवाज मोडला, असं तो पुटपुटायचा. पण मला कळत होतं त्याला खरं काय खातंय. टोपी परत आली तर साहेब पोचले. नाही आली तर... प्रत्येक गाडीला हा स्टेशनवर. टपालवाल्याला आडवा जायचा. नवरात्र गेलं, दसरा गेला. दुकानात गिऱ्हाईक नाही, साचे थंड, आणि हा दारातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यातून दारापर्यंत. मी ओरडायची, बसा की हो मामा जरा, माझी सुई थरथरायलीय. तो बसायचा आणि लगेच उठायचा. मलाही झोप कुठं होती म्हणा. ज्या माणसाला सुई टोचावी वाटत होती, त्याच्यासाठी मी देवापुढं वात लावत होते.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. मी दारात रांगोळीसाठी सारवत होते. टपालवाल्यानं एक लहान पुडकं मामाच्या हातात दिलं. वर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मामानं दोरी सोडायलाही वेळ लावला. आत टोपी होती. धुऊन, नीट घडी घालून ठेवलेली. उसवलेला टाका कुणीतरी घरच्या बाईनं घालायचा प्रयत्न केला होता, वेडावाकडा. चिठ्ठी नव्हती. लागत नव्हती.

मामा पायरीवर बसला. मग त्यानं घडी उलगडली आणि ती टोपी आपल्या डोक्यावर ठेवली. पाण्यानं आटलेली, दुसऱ्याच्या मापाची, ती टाळूवरच अडली आणि एका अंगाला कलली. त्याच्या डोक्यावर ती बसतच नव्हती. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, मामा, आणा इकडं, टाका तरी सरळ करून देते.

"हात लावू नका, माय," तो म्हणाला. "अशीच ऱ्हाऊ द्या."

आणि तो उठला, चपला घातल्या, आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत, परभणीच्या भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल असा सावकाश चालत गेला. लोक हसत होते. तो मान ताठ ठेवून चालला होता आणि दर दहा पावलांवर हात वर नेऊन टोपी सावरत होता.